धुरीभाऊंची चौकशी आणि जोगेश्वरीची तबकडी

समोर कागद येईपर्यंत धुरीभाऊ मालवणी बोलत. कागद आला, पेनाचं टोपण निघालं, की त्याच तोंडातून एकदम सरकारी मराठी सुरू व्हायची. "काय गो बाये, चाय घेतलंस?" असं विचारणारा माणूस पुढच्याच मिनिटाला त्याच बाईला म्हणे, "आपण सदर चहा कोणत्या वेळी प्राशन केलात?" यात नाटक नव्हतं. त्यांच्या डोक्यात दोन खोल्या होत्या आणि मधलं दार कागदानं उघडायचं.

अंधेरीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची सरकारी कचेरी होती. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा गोपाळ धुरी अव्वल कारकून होते. वय पन्नाशीपुढचं, उंची बेताची, शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. काखेत कापडी पिशवी, पिशवीत गुंडाळलेली मोजपट्टी, खडू, दोरी आणि एक केळं. केळं बरोबर अकरा वाजता खात. गंभीर चेहरा करून ते लोकांचं ऐकत, आणि समोरचा "साधारण" किंवा "अंदाजे" म्हणाला की पेन खाली ठेवत. मग तो माणूस नीट आठवून सांगेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसत. घाई नाही, रागही नाही.

चौकशी हा त्यांचा प्रांत. कुठलाही तक्रार अर्ज आला, की बाकीचे कारकून टेबलावरूनच उत्तर लिहून मोकळे होत. भाऊ जागेवर जात. "कागदार दिसता तां कागदार, जाग्यार दिसता तां जाग्यार," एवढंच म्हणत आणि छत्री उचलत.

आमच्या कचेरीत गोळे नावाचे एक कारकून होते, त्यांच्या डब्यातली चटणी रोज चोरीला जायची. निदान गोळ्यांचं तसं म्हणणं होतं. लसणीची चटणी त्यांना फार आवडे, आणि दोन आठवडे डबा उघडला की चटणी गायब. गोळे शिपायावर संशय घ्यायला लागले, शिपाई चिडला, प्रकरण हातघाईवर आलं. भाऊंनी ते हाती घेतलं. सहा जणांचे जबाब झाले. माझाही झाला. डब्याच्या झाकणाची मापं घेतली गेली. शेवटी एका रविवारी भाऊ थेट गोळ्यांच्या घरी मुलुंडला जाऊन आले आणि सोमवारी निष्कर्ष वाचून दाखवला: सदर चटणी चोरीस जात नसून मुळात घरूनच निघत नाही, कारण गोळे यांनी मागील महिन्यात चटणीत मीठ जास्त असल्याचे बोलून दाखवले होते. गोळ्यांच्या बायकोची सही होती खाली. मंगळवारी गोळ्यांच्या डब्यात चटणी होती.

दुसरी गोष्ट वर्सोव्याची. दोन कोळी कुटुंबांत हद्दीच्या धोंड्यावरून भांडण होतं. दोन्ही घरं एकमेकांवर धोंडा सरकवल्याचा आळ घेत. त्यातल्या एका घरातली म्हातारी, नव्वदीची असेल, दोघांनाही सांगत होती की धोंडा आपला आपण चालतो. तिच्या बोलण्यावर तिची नातवंडंसुद्धा हसत. भाऊंनी मात्र तिला ओट्यावर बसवून रीतसर जबाब घेतला, "धोंडा स्वतःहून चालतो असे साक्षीदार सांगते," आणि चार महिने दर शनिवारी मोजपट्टी घेऊन वर्सोव्याला गेले. अमावास्येच्या मोठ्या भरतीला पाणी तिथपर्यंत चढायचं, खालची वाळू ओढून न्यायचं आणि धोंडा दर वेळी दोन बोटं कलंडून पुढे सरायचा. म्हातारी बरोबर होती. त्या घरांनी नंतर धोंडा सिमेंटात बसवला आणि भाऊंना एवढे सुके बोंबील दिले की आमच्या कचेरीत आठवडाभर कोणी अर्ज घेऊन फिरकलं नाही.

तर अशा माणसाच्या टेबलावर ते पोस्टकार्ड आलं.

पत्ता होता, "माननीय सरकार, दिल्ली." एवढाच. ते दिल्लीला पोचलं होतं. तिथून ते मुंबईत आलं, मुंबईत तीन कचेऱ्या फिरलं आणि शेवटी अंधेरीला आमच्याकडे उतरलं, तोवर त्यावर इतके शिक्के बसले होते की मूळ मजकूर वाचायला भिंग लागलं. लिहिणारी होती शैला कदम, इयत्ता चौथी, जोगेश्वरी पूर्व. तिनं लिहिलं होतं की तिनं संध्याकाळी डोंगराच्या बाजूला उडती तबकडी पाहिली, ती चकचकीत होती, खाली निळा जाळ होता. घरी आणि शाळेत कोणी विश्वास ठेवत नाही, तरी सरकारने येऊन बघावे. खाली तबकडीचं चित्र होतं. आणि त्याच्याही खाली, तिरक्या इंग्रजी सहीच्या वर, कोणा बड्या अधिकाऱ्याचा शेरा: चौकशी करून अहवाल सादर करावा.

ते वर्ष आपला माणूस अंतराळात जाऊन आल्याचं होतं. पोरंटोरं खोक्यांची रॉकेटं करत होती. वरच्या साहेबांनी शेरा गमतीनं मारला की झोपेत, कळायला मार्ग नव्हता. आमचे साहेब हसले आणि भाऊंना म्हणाले, मुलीला भास झाला असं दोन ओळींत लिहून टाका.

"जाग्यार जावक होया," भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. लहान मुलीचा जबाब घ्यायचा तर सोबत बाई हवी. अशी मी त्या चौकशीत आले.

जोगेश्वरीच्या गुंफांच्या मागे, आरे दूध वसाहतीच्या कुंपणाकडे चढत जाणाऱ्या उतारावर कदमांची चाळ होती. आम्ही दोघं कागदपत्रं घेऊन चाळीच्या तोंडाशी पोचलो आणि सगळीकडे एकदम पळापळ झाली. लोकांना वाटलं, वाढवलेली बांधकामं पाडायला माणसं आली. एकानं पडवीचा पत्रा उचलून आत नेला. एक बाई नव्या मोरीवर सतरंजी टाकून त्यावर बसली आणि तांदूळ निवडू लागली. आम्ही तबकडीसाठी आलोय असं भाऊंनी सांगितल्यावर तर लोक जास्तच घाबरले. एवढं साधं कारण कोणी सरकारी माणूस सांगेल, हे त्यांना पटेना.

शैला दोन वेण्यांची, किडकिडीत, रागावलेली मुलगी होती. भाऊंनी कागद पुढे घेतला आणि विचारलं, "आपलं संपूर्ण नाव काय?" तिनं मागं वळून पाहिलं, आपल्यामागे कोण मोठं माणूस आलं म्हणून. मग तिला कळलं, हे आपल्यालाच विचारतायत, आणि ती ताठ बसली.

तिचं दुःख तबकडीचं नव्हतंच. शाळेत बाईंनी तिला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं. येत्या शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे "मी खोटं बोलले" म्हणायचं, असं फर्मान होतं. नाही म्हटलं तर वडिलांना बोलावणार. वडील कारखान्यात पाळीवर जायचे, तापट माणूस. ते दारात उभे राहून सांगत होते, बोलून टाक एकदा, मिटव. शैला मान हलवत होती. तिनं पाहिलं होतं, तर पाहिलं नाही असं ती कसं म्हणणार?

तोवर सगळ्यांनी तिला एकच विचारलं होतं: आतली माणसं कशी होती, शिंगं होती का, हिरवी होती का. भाऊंनी तसलं काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, तबकडी कुठून कुठे गेली.

"खालून वर," शैला म्हणाली.

भाऊंचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं, खाली उतरली की वर गेली? वर गेली, ती म्हणाली, तिथल्या आंब्यामागून वर गेली, उन्हात चमकली, गिरकी घेतली आणि पलीकडे पडली. आवाज? "धप्प." आणखी काही? शैलानं दारातल्या लोकांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, शेणाचा वास आला. दारातले लोक हसले. जोगेश्वरीत तबेल्यांच्या शेजारी राहून शेणाचा वास आला म्हणजे काय नवल? शैलाचे डोळे भरून आले. "नेहमीच्यापेक्षा जास्त आला," ती म्हणाली.

भाऊंनी ते जसंच्या तसं लिहिलं. नेहमीच्यापेक्षा जास्त.

मग आकाराचा प्रश्न आला. ती म्हणाली, भाकरीएवढी. भाऊंनी तिच्या आईला विनंती केली आणि खरी भाकरी मागवली. त्याच जागी, त्याच वेळेला, सूर्य कलताना, शैलाला उभं करून मी हात लांब करून भाकरी आंब्याच्या दिशेला धरली. तिनं एक डोळा मिटला. मोठी आहे, म्हणाली. भाऊंनी काठ तोडला. अजून मोठी. आणखी तोडला. अख्खी चाळ गॅलरीत गोळा झाली होती, आणि एक सरकारी अधिकारी चहूबाजूंनी भाकरी कुरतडतोय हे बघत होती. शेवटी पापडाएवढा तुकडा राहिला तेव्हा ती म्हणाली, हां, एवढी. भाऊंनी तुकड्याचं माप घेतलं, शैलाच्या डोळ्यापासून माझ्या हातापर्यंतचं माप घेतलं, आणि आंब्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायला निघाले. उरलेल्या भाकरीचं काय करायचं, हे त्यांनी आधी शैलाच्या आईला विचारलं आणि मग खाल्ली.

आंबा होता वासू परबांच्या तबेल्याच्या मागं. परब गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळालं त्यात त्यांनी सहा म्हशी घेतल्या होत्या. भाऊंच्याच बाजूचे, कणकवलीकडचे, त्यामुळे आधी गावाची, नातेवाइकांची चौकशी झाली, चहा आला. पण भाऊ बशी धरून परबांच्या कपाळाकडे बघत होते.

"वासू, तुझ्यो भुवयो खय गेल्यो?"

न्हाव्याची चूक, परब म्हणाले. दोन्ही? दोन्ही. पापण्यासुद्धा? परबांनी चहात तोंड घातलं.

भाऊ उठून आंब्याखाली गेले. मान वर करून पाच मिनिटं बघत राहिले. मग त्यांनी मला लिहायला सांगितलं, "आंब्याच्या फांदीवर, जमिनीपासून सतरा फूट उंचीवर, वाळलेले शेण आढळले. म्हैस सतरा फुटांवर शेण टाकीत नाही." पलीकडे गोठ्याच्या कोपऱ्यात एक खड्डा होता आणि त्यावर उपडी ठेवलेली पत्र्याची मोठी गोल टाकी. टाकीला नवाकोरा हिरवा रंग होता आणि एका बाजूला मोठा पोचा. भाऊंनी नखानं रंग खरवडला. खाली पत्रा चांदीसारखा चकचकीत होता.

परब बोलू लागले. मग सगळं बाहेर आलं. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी शेणाचा गॅस बघितला होता. तसाच आपणही करू, चुलीचा खर्च वाचेल, म्हणून एका ओळखीच्या वेल्डरकडून घरच्या घरी टाकी बनवून घेतली. पहिल्यांदा भरत असताना आत हवा राहिली होती. गॅस झाला की नाही बघायला परब कंदील घेऊन वाकले. टाकी आंब्यावरून गेली. परब पाठीवर पडले आणि बघत राहिले. बाकी काही लागलं नाही, फक्त चेहऱ्यावरचे केस गेले. म्हशींनी दोन दिवस दूध दिलं नाही. बायकोच्या मदतीनं त्यांनी टाकी कुंपणाजवळच्या डबक्यातून ओढून आणली आणि दुसऱ्याच दिवशी रंगवली. शैलाची तबकडी त्यांच्या कानावर आली होती. ते गप्प बसले.

"भाऊ, माझा नाव घालू नको," परब म्हणाले. "गिरण गेली. आता म्हशी गेल्यो तर मी काय करू?"

भाऊंनी कागद पिशवीत ठेवले. बसस्टॉपवर आम्ही बराच वेळ उभे होतो. मी म्हटलं, मुलीनं खोटं सांगितलं असं लिहिलंत तर परब वाचतील. खरं लिहिलंत तर मुलगी वाचेल. "माका म्हायत आसा," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून दाखवला. त्यांनी तबकडीतल्या पाहुण्यांसाठी चार प्रश्न तयार करून ठेवले होते. संपूर्ण नाव. वय. मूळ गाव. इकडे येण्याचे कारण. "माका वाटला हुता, खरांच कोणतरी इला असतला," ते म्हणाले, आणि कागद परत घडी करून ठेवला.

दोन दिवस त्यांनी काही लिहिलं नाही. अकरा वाजता केळंही खाल्लं नाही. पेन उघडून पोस्टकार्डावरच्या शेऱ्याकडे बघत बसायचे. शुक्रवारी सकाळी एकदम माझ्याकडे आले आणि उभ्या उभ्या सांगायला लागले, मी टाईप करत गेले:

"अर्जदार कुमारी शैला हिने पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात उडाली होती. तिने दिलेले वर्णन, आकार, दिशा, आवाज व वास हे तंतोतंत खरे आढळले. वस्तू आकाशातून आलेली नसून जमिनीवरून गेली व जमिनीवरच परत आली. तिची ओळख पटलेली आहे. ती तिच्या मालकाच्या ताब्यात असून पुन्हा उडणार नाही अशी मालकाने हमी दिली आहे. वरिष्ठांनी अनोळखी उडत्या वस्तूबाबत चौकशी करण्यास सांगितले होते. सदर वस्तू ओळखीची निघाल्याने ती या चौकशीच्या कक्षेत येत नाही. सबब मालकाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही."

साहेबांनी तीनदा वाचलं. वस्तू काय होती, विचारलं. भाऊ म्हणाले, साहेब, ते कक्षेत येत नाही. साहेबांनी सही केली. वरूनही पुन्हा कधी विचारणा झाली नाही.

परबांना मात्र त्यांनी असं सोडलं नाही. दर रविवारी स्वतः जोगेश्वरीला जाऊन, एका जाणकार माणसाला घेऊन, टाकी नीट बसवून घेईपर्यंत त्यांनी परबांना काडी पेटवू दिली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही शैलाकडे गेलो. जबाब देणाऱ्याला निकाल आधी कळला पाहिजे, हा त्यांचा नियम होता. चाळीत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते तिला आणि तिच्या आईला घेऊन परबांच्या गोठ्यात गेले. परबांनी बायकोच्या काजळानं भुवया काढल्या होत्या, एक जरा वर गेली होती, त्यामुळे ते सारखे आश्चर्य वाटल्यासारखे दिसत होते. भाऊंनी शैलाला टाकी दाखवली. ती जवळ गेली, पोच्यावर हात ठेवला.

"म्हणजे आत कोणीच नव्हतं?"

"नव्हतं," भाऊ म्हणाले. "शेण होतं."

तिचा चेहरा पडला. इतक्या दिवसांची भांडणं, वर्गाबाहेर उभं राहणं, दिल्लीपर्यंतचं पोस्टकार्ड, आणि शेवटी शेण. ती टाकीभोवती एक फेरी मारून आली. मग तिनं आंब्याकडे पाहिलं, किती उंच आहे ते पाहिलं, परबांकडे पाहिलं.

"पण उडाली ना?"

"उडाली," परब म्हणाले. "बाये, मी सोता बगलंय. काय उडाली!"

शैला हसायला लागली आणि थांबेचना. मग तिची आई, मग परबांची बायको. परबांचं नाव कोणाला सांगणार नाही, असं तिनं स्वतःहून कबूल केलं. पण भाऊंनी त्यावर सही मागितल्यावर ती अडली. आधी काकांनी लिहून द्यावं, म्हणाली, की तिनं पाहिलं ते खरं होतं. परबांनी लिहून दिलं. तो कागद भाऊंनी कचेरीत आणला नाही, तिलाच दिला.

शनिवारी प्रार्थनेच्या आधी भाऊ शाळेत हजर होते. मीही गेले. सरकारी माणूस अहवाल घेऊन आलाय म्हटल्यावर मुख्याध्यापिकाबाई उभ्याच राहिल्या. भाऊंनी वर्गात जाऊन अहवालातल्या पहिल्या दोन ओळी वाचल्या, सावकाश, स्वल्पविरामासकट. मुलांना "तंतोतंत" कळलं नसावं, पण शैलाच्या वर्गबाईंना कळलं. मग त्यांनी कागद बाईंपुढे ठेवला आणि बोट दाखवलं. "मजकूर वाचला व समजला. इथे सही." बाईंनी सही केली. भाऊंनी अगदी अदबीनं त्यांना टीपकागद दिला. त्या वाईट नव्हत्या. सही झाल्यावर त्या स्वतःच शैलाच्या बाकापाशी गेल्या, काहीतरी हळू बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही आणि भाऊंनी विचारलं नाही.

पुढे चार वर्षांनी ते निवृत्त झाले. मी घाटकोपरच्या कचेरीत बदलून गेले आणि भेट राहिली.

त्यानंतर एकदाच दिसले. मी एका लग्नाहून मैत्रिणीबरोबर वर्सोव्याच्या धक्क्यावर आले होते, मढला जाणाऱ्या होडीची वाट बघत. आधीची होडी नुकतीच सुटली होती. भर दुपार होती, माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि मधल्या फळीवर भाऊ होते. केस पांढरे झालेले. शेजारी टोपली घेतलेली एक कोळीण हातवारे करून काहीतरी सांगत होती. काय ते काठावर ऐकू येईना, पण आजूबाजूचे सगळे हसत होते, नावाडीसुद्धा हसत होता. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही. भाऊ तिच्याकडे पूर्ण वळून, मान खाली घालून ऐकत होते. तिचं सांगून झालं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि तिला काहीतरी विचारलं. ती हसायची थांबली. पदर सावरून तिनं जरा आठवलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, हळूहळू सांगायला लागली.